स्वादुपिंडातील गाठ : कर्करोगाचा संशय आणि सलाइनची बाटली

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. त्यामुळे या धाग्यात वैद्यकीय चुका आढळल्यास जाणकारांनी त्या निःसंकोच दुरुस्त कराव्यात.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या मामांचे डोळे पिवळे झाले. मामांचे वय ४३, वाळवा तालुक्यात उसाची शेती, दारूला कधी शिवले नाहीत, तंबाखू मात्र होती. घरच्या रिवाजाप्रमाणे पहिले दहा दिवस काविळीच्या माळेत आणि पथ्याच्या भातात गेले. ती माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते, असे आमच्याकडे मानतात. माळ बेंबीपर्यंत आली आणि कावीळही वाढतच राहिली. लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरक्या मातीच्या रंगाचे, आणि खाज अशी की मामी रात्री त्यांच्या हातात सुती मोजे घालून ठेवत असे.

सोनोग्राफीनंतर सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात ३.६ सेंमीची गाठ, तिच्यामुळे पित्तनलिका दाबलेली आणि वर फुगलेली, शेजारी काही लसिकाग्रंथी वाढलेल्या. रक्तातील सीए १९-९ (कर्करोगात वाढू शकणारा एक पदार्थ) हे प्रमाण १४८, म्हणजे ३७ या मर्यादेच्या चौपट. तीन महिन्यांत वजन ७१ वरून ६० किलोवर आलेले. अहवालाच्या शेवटच्या ओळीत कर्करोगाची दाट शक्यता वर्तवली होती आणि पहिल्या रुग्णालयात आम्हाला स्वादुपिंडाचे डोके काढण्याच्या व्हिपल शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली होती. घरात कोणी कोणाशी बोलेना. आजी देवापुढून उठेना.

पुण्याला दुसरे मत घ्यायला गेलो, तेव्हा तिथल्या पोटविकारतज्ज्ञांनी सीटीचा कागद बाजूला ठेवला आणि फिल्म स्वतः उजेडावर धरून पाहिल्या. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. संध्याकाळी अंग कोमट लागते का? आणि घरात कोणाला क्षय झाला होता का? पहिल्याचे उत्तर मामीने दिले, दुसऱ्याचे मी. आजोबांनी चार वर्षांपूर्वी एकेटीचा, म्हणजे क्षयाच्या औषधांचा, कोर्स पूर्ण केला होता आणि त्या काळात मामाच त्यांच्या खोलीत झोपत असत. हे आधी कोणी विचारले नव्हते, म्हणून आम्हीही सांगितले नव्हते.

एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी) करून जठराच्या शेजारच्या आतड्यातून सुईने गाठीचा नमुना घेतला गेला. अहवालात कर्कपेशी नव्हत्या. ग्रॅन्युलोमा (दाहातून बनलेले पेशींचे पुंजके) होते, मध्ये मृत पेशींचा भाग होता, आणि शेवटी 'क्षयासाठी कल्चर करावे' असा सल्ला होता. पण कल्चर करणार, म्हणजे जंतू वाढवून पाहणार, कशाचे? ज्या केंद्रात ही तपासणी झाली तिथे सगळा नमुना फॉर्मॅलिनच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत गेला होता. परिणामी तीन आठवड्यांनी पुन्हा उपाशीपोटी, पुन्हा भूल, पुन्हा तोच खर्च. दुसऱ्या वेळी नमुन्याचा अर्धा भाग साध्या सलाइनमध्ये गेला, जीनएक्स्पर्ट या जनुकीय चाचणीत क्षयाचे जंतू सापडले, रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला ते दाद देणारे निघाले आणि औषधे सुरू झाली. आज मामांचा चौथा महिना चालू आहे आणि वजन ६६ किलो आहे.

माझे प्रश्न असे. स्वादुपिंडाला क्षय इतका दुर्मीळ का आहे? असे सोंग घेणारे आणखी कोणते जंतू आहेत? आणि फॉर्मॅलिनची ही चूक टाळण्यासाठी नातेवाइकांनी नेमके काय बोलावे?

जठराग्नी

कृष्णाकाठ, मास्तरांनी लिहिलेला रुग्णवृत्तान्त असाच असावा. मी पोटविकारतज्ज्ञ आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

क्षयाचा जंतू फुप्फुसात, मानेच्या गाठींत, आतड्याच्या शेवटच्या भागात, मणक्यात, मेंदूच्या आवरणात सहज घर करतो, परंतु स्वादुपिंडाच्या वाटेला तो फारसा जात नाही. ऑरबाख या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये शरीरभर पसरलेल्या मिलिअरी क्षयाची शवविच्छेदने अभ्यासली होती. म्हणजे जिथे जंतू रक्तावाटे प्रत्येक अवयवापर्यंत पोहोचलेलेच होते, अशा रुग्णांतही स्वादुपिंड बाधित झालेले शेकडा ५ हून कमी निघाले. आपल्या मुंबईचे शल्यविशारद भन्साळी यांनी १९७७ मध्ये पोटाच्या क्षयाच्या ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात स्वादुपिंडाचा एकही नव्हता. याचे कारण म्हणून स्वादुपिंडाच्या पाचक रसांतील विकरे, विशेषतः चरबी आणि न्यूक्लिक आम्ल तोडणारी, जंतूला तिथे रुजू देत नाहीत असे पुस्तकांतून सांगितले जाते. स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, तथापि त्याला निर्णायक पुराव्याचे बळ आहे असे मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपण स्वादुपिंडाचा क्षय म्हणतो, तो पुष्कळदा स्वादुपिंडाला चिकटलेल्या लसिकाग्रंथींचा क्षय असतो. त्या ग्रंथी वाढतात, एकमेकींना चिकटतात, मधोमध मऊ पडतात आणि सीटीवर स्वादुपिंडाच्या डोक्यातूनच गाठ उगवली आहे असे दिसते. भन्साळींच्या काळात सीटी रोजच्या वापरात नव्हता आणि एन्डोस्कोपीच्या टोकाला अल्ट्रासाउंडही बसवलेला नव्हता, त्यामुळे जिवंत रुग्णात हे ओळखू येण्याचा मार्ग पोट उघडणे एवढाच होता. आजचे रुग्ण वाढलेले दिसतात त्यातला मोठा वाटा आपल्या नजरेचा आहे.

मामांच्या फिल्ममध्ये त्या डॉक्टरांनी काय पाहिले असेल याचा अंदाज करता येतो. स्वादुपिंडाच्या डोक्यातला कर्करोग साधारणतः पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची स्वतःची नलिका, दोन्ही आवळतो, आणि दोन्ही नलिका फुगलेल्या दिसतात. क्षयात गाठ बरीच मोठी असूनही स्वादुपिंडाची नलिका अनेकदा सडपातळच राहते. शेजारच्या ग्रंथींच्या कडा उजळ आणि मध्यभाग काळा असेल तर संशय आणखी बळावतो. रुग्ण चाळिशीचा किंवा त्याहून लहान, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घरात क्षयाचा इतिहास, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, यांतले काहीही असेल तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मात्र यातली एकही खूण पक्की नाही. पेट स्कॅनवर दोन्ही आजार सारखेच झळकतात, आणि ठिकठिकाणी तपासण्या करून आलेले रुग्ण 'पेटमध्ये पेटले आहे, म्हणजे कर्करोगच' असे ठामपणे सांगतात तेव्हा मला त्यांना खाली बसवून समजवावे लागते.

अनघा_प

माझ्या वडिलांचे वय ६७ आहे. त्यांनाही अशीच कावीळ आहे आणि सीए १९-९ हे ६१० आले आहे. एवढा मोठा आकडा म्हणजे कर्करोग नक्की, असे समजायचे का? पुढच्या बुधवारी एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड ठरले आहे.

जठराग्नी

अनघाताई, पित्ताचा मार्ग अडला की हा आकडा कर्करोगाशिवायही चढतो, कधी शेकड्यांत तर क्वचित हजारांतही. पित्त मोकळे करून बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) खाली आल्यावर तो पुन्हा तपासला तरच त्याला अर्थ असतो. उलट काही माणसांच्या रक्तात, ज्यांचा लुईस रक्तगट ऋण असतो त्यांच्यात, हा पदार्थ तयारच होत नाही आणि कर्करोग असूनही आकडा सामान्य राहतो. तरीही वय ६७, वेदनारहित कावीळ आणि गाठ या तिघांची सांगड पाहता मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. बुधवारची तपासणी पुढे ढकलू नका.

एक विनंती मात्र करा. कावीळ उतरवण्यासाठी पित्तनलिकेत स्टेंट (मार्ग मोकळा ठेवणारी नळी) टाकायचा असेल तर निदान होण्याआधी कायमची, न काढता येणारी धातूची जाळी टाकू नये. प्लास्टिकचा किंवा पूर्ण आवरण असलेला, पुढे काढता येणारा स्टेंट चालतो का, हे विचारा.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत एकवीस वर्षे काम करते आहे. कृष्णाकाठ यांचा तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या भांडणाचा विषय असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

फॉर्मॅलिन हे ऊती टिकवण्यासाठी असते. त्यात पडलेला तुकडा विकृतिशास्त्रज्ञाला उत्तम दिसतो, पेशींची रचना जशीच्या तशी राहते, परंतु त्यातला प्रत्येक जंतू मरतो. मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही, हे कोणालाही समजावून सांगावे लागू नये. तरीही दर महिन्याला माझ्या टेबलावर किमान एक तरी बाटली अशी येते, जिच्या चिठ्ठीवर 'कल्चर' असे लिहिलेले असते आणि झाकण उघडताच डोळ्यांत पाणी येते. फॉर्मॅलिनमधल्या ऊतींवरूनही जंतूचे जनुकीय अंश शोधता येतात, पण ती सोय सगळीकडे नाही आणि तिचे यश कमी असते.

म्हणून नमुना घेतानाच दोन वाटा करायच्या. एक वाटा फॉर्मॅलिनमध्ये, पेशी पाहण्यासाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, आणि तो त्याच दिवशी प्रयोगशाळेत. सलाइन म्हणजे तेच, जे हाताला लावतात. बाटलीसाठी जास्तीचा खर्च जवळपास शून्य आहे. या दुसऱ्या वाट्यावर झील-नील्सन रंजन (क्षयाचे जंतू रंगवून पाहणे), जीनएक्स्पर्ट, क्षयाचे कल्चर, साधे जिवाणूंचे कल्चर आणि बुरशीचे कल्चर, एवढ्या गोष्टी होतात. जीनएक्स्पर्ट दोन तासांत उत्तर देते, जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०१० मध्ये मान्यता दिली आणि तेव्हापासून आमचे आयुष्य बदलले आहे. पण स्वादुपिंडासारख्या ठिकाणी नमुना तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो आणि त्यात जंतू मोजकेच असतात, त्यामुळे ही चाचणी नकारात्मक आली म्हणजे क्षय नाही असे होत नाही. द्रव माध्यमातील कल्चर सहा आठवडे ठेवावे लागते आणि तेवढा वेळ ठेवले जाते आहे ना, याची खात्री करावी.

दुसऱ्या प्रश्नातील 'आणखी कोणते जंतू' यांपैकी माझा आवडता म्हणजे अॅक्टिनोमायसिस. याला फार काळ बुरशी समजले गेले, कारण त्याचे धागे फांद्यांसारखे पसरतात. प्रत्यक्षात तो जिवाणू आहे आणि तुमच्या-माझ्या हिरड्यांत तो गुण्यागोविंदाने राहत असतो. जनावरांच्या जबड्याच्या गाठींत बोलिंगरने तो १८७७ मध्ये दाखवला, तर पुढच्याच वर्षी जेम्स इस्राएलने माणसांत त्याचे वर्णन केले. हा जंतू ऊतींच्या नैसर्गिक सीमा जुमानत नाही. आतड्याची भिंत, चरबी, स्नायू, त्वचा, जे समोर येईल त्यातून तो हळूहळू आरपार जातो आणि मागे दगडासारखी कठीण गाठ सोडतो. कर्करोग याहून वेगळे काय करतो? स्वादुपिंडात तो प्रामुख्याने जुनाट स्वादुपिंडदाह असलेल्यांत, नलिकेत स्टेंट बसवलेल्यांत किंवा त्या भागात आधी शस्त्रक्रिया झालेल्यांत आढळतो. पुवात मोहरीएवढे पिवळे कण दिसतात, त्यांना गंधककण म्हणतात, जरी ते गंधकाचे नसले तरी. ते काचपट्टीवर चिरडून पाहिले की धाग्यांचा गुंता दिसतो. हा जंतू प्राणवायूविरहित वातावरणात वाढतो आणि त्याला दोन आठवडे द्यावे लागतात. आम्हाला आधी सांगितले नसेल तर आमची साधी प्लेट दोन दिवसांत 'वाढ नाही' म्हणून निकालात निघते.

लेस्टरकर

सूक्ष्मदर्शीताई, अगदी हेच माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये घडले. त्यांना दारूमुळे जुनाट स्वादुपिंडदाह होता, नलिकेत दोनदा स्टेंट बसवला होता. मग शेपटीच्या भागात गाठ दिसू लागली. दोनदा सुईने घेतलेल्या नमुन्यात फक्त दाह सापडला, कर्कपेशी नाहीत, आणि आमचा प्रत्येक आठवडा 'अजून सांगता येत नाही' या वाक्यावर जात होता. अखेरीस शस्त्रक्रियेत शेपटीचा भाग प्लीहेसह काढला आणि काढलेल्या भागात ते कण सापडले. कर्करोग नव्हता म्हणून घरात पेढे वाटले, पण प्लीहा गेलीच. त्यानंतर काही आठवडे शिरेतून पेनिसिलिन आणि पुढे वर्षभर अॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्या. एवढ्या साध्या, जुन्या औषधाने भागणारा आजार होता, हे त्यांना आजही पचत नाही.

पाताळगंगा

मी शल्यचिकित्सक आहे आणि या धाग्याचा सूर थोडा एकांगी होतो आहे असे वाटल्याने लिहितो.

स्वादुपिंडाच्या डोक्यात घट्ट गाठ आणि कावीळ घेऊन येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना कर्करोगच असतो. गाठ काढण्याजोगी असेल आणि सीटीचे चित्र नेहमीचे असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी ऊतींचा पुरावा मिळालाच पाहिजे असे जगातील मार्गदर्शक तत्त्वे सांगत नाहीत. त्यामागे कारण आहे. सुईचा नमुना नकारात्मक आला तरी कर्करोग नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण या कर्करोगाच्या गाठीत तंतुमय ऊतींचे प्रमाण फार असते आणि सुई त्या तंतूंतच फिरून येऊ शकते. दहातील एखाद्या रुग्णात तरी असे होते. 'क्षय असू शकेल' या आशेवर तीन महिने घालवलेला आणि मग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला रुग्ण मी पाहिला आहे. त्याची आठवण झाली की असे धागे मी जरा धास्तीनेच वाचतो.

अॅलन व्हिपल यांनी ही शस्त्रक्रिया १९३५ मध्ये मांडली तेव्हा ती दोन टप्प्यांत होत असे आणि फार रुग्ण दगावत. आता भरपूर शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत मृत्यूचे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आले आहे. तरीही स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, एवढे सगळे काढून तीन नवे जोड द्यायचे असतात. कर्करोग समजून केलेल्या या शस्त्रक्रियांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत काढलेला भाग निरुपद्रवी आजाराचा निघतो, हे मी मान्य करतो. त्यात क्षयापेक्षा जुनाट दाह आणि स्वयंप्रतिकार (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणारा) स्वादुपिंडदाह यांचाच भरणा अधिक असतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की नमुना घ्या, पण वेळ बांधून घ्या. आणि केमोथेरपी सुरू करायची असेल तर मात्र ऊतींचा पुरावा हवाच. तिथे माझा जठराग्नींशी मतभेद नाही. क्षयाच्या रुग्णाला केमो दिली तर उरलीसुरली प्रतिकारशक्ती जाऊन जंतूंना रान मोकळे होते.

शेंगदाणा_चटणी

एवढ्या सुया टोचण्यापेक्षा सरळ दोन महिने एकेटी देऊन पाहावे. गाठ कमी झाली तर क्षय, नाही झाली तर शस्त्रक्रिया. आमच्या गावचे डॉक्टर असेच करतात.

जठराग्नी

हा मार्ग सोपा दिसतो आणि म्हणूनच धोक्याचा आहे. पाताळगंगा यांनी ज्या तीन महिन्यांविषयी लिहिले, ते बहुधा असेच जातात. शिवाय खरोखर क्षय असला तरी पहिल्या काही आठवड्यांत ग्रंथी कधीकधी लहान होण्याऐवजी फुगतात. प्रतिकारशक्ती सावध झाल्याची ती खूण असते. आता पुराव्याविना सुरू केलेल्या औषधांवर गाठ वाढली, तर तुम्ही त्याचा काय अर्थ लावणार? औषध लागू पडते आहे, की जंतू औषधाला दाद देत नाही, की मुळात कर्करोग आहे?

स्टेरॉइडबाबतही तेच. स्वयंप्रतिकार स्वादुपिंडदाह स्टेरॉइडने झपाट्याने ओसरतो, म्हणून 'देऊन पाहू' असा मोह होतो. आयजीजी-४ (त्या दाहात वाढणारे रक्तातले प्रतिपिंड) तपासल्याशिवाय आणि क्षय पडताळल्याशिवाय आपल्या देशात हा प्रयोग करू नये. जगातील क्षयाच्या दर चार नव्या रुग्णांपैकी साधारण एक भारतातला आहे, हे विसरून कसे चालेल?

तेरेखोल

आमच्या किनारपट्टीच्या बाजूने एक नाव जोडतो : मेलिऑइडोसिस. हा आजार करणारा जिवाणू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये रंगूनमधील रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, मणिपाल-उडुपी भागात, त्याचे रुग्ण नियमितपणे नोंदले जातात. मधुमेह असलेला आणि पावसाळ्यात चिखलात पाय रोवून लावणी करणारा माणूस ही त्याची ठरलेली शिकार. यकृत आणि प्लीहेत गळवे करणे हा त्याचा नेहमीचा खाक्या, पण क्वचित स्वादुपिंडातही तो गाठ करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे ग्रॅन्युलोमा क्षयासारखेच दिसू शकतात. म्हणजे कर्करोगाचे सोंग टाकले तरी खाली क्षयाचे दुसरे सोंग.

माझे स्वतःचे दुखणे या जंतूचे होते, गाठ यकृतात होती. पहिल्या प्रयोगशाळेने कल्चरमध्ये वाढलेला जंतू बाहेरून मिसळलेला समजून सोडून दिला होता. दोन आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम आणि नंतर कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या पाच महिने घेतल्या. एकेटीचा या जंतूवर भरवसा नसतो, हे शेंगदाणा_चटणी यांच्या सल्ल्याच्या संदर्भात मुद्दाम सांगतो.

सूक्ष्मदर्शी

तेरेखोल यांचे म्हणणे बरोबर आहे आणि आमच्या बाजूची चूकही मान्य करते. हा जंतू सुडोमोनास या सामान्य जिवाणूसारखा दिसतो आणि स्वयंचलित यंत्रे त्याला कधीकधी भलतेच नाव देतात. जेंटामायसिनला दाद न देणारा पण को-अॅमॉक्सिक्लॅवला देणारा असा 'सुडोमोनास' दिसला की आमच्याकडे मी तरी थांबते आणि पुन्हा पाहते. चिठ्ठीवर 'मधुमेह, भातशेती, किनारपट्टी' असे तीन शब्द कोणी लिहिले तर आमचे अर्धे काम होते. बहुतेक चिठ्ठ्यांवर फक्त 'गाठ' लिहिलेले असते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. पाताळगंगा सरांची धास्ती मी समजू शकतो. आमच्याकडेही दुसरा नमुना घेण्याआधी घरात दोन तट पडले होते आणि थोरल्या मामांचे मत 'तारीख मिळाली आहे तर कापून मोकळे व्हा' असेच होते.

औषधांविषयी एक अनुभव, कदाचित कोणाला उपयोगी पडेल. एकेटी लगेच सुरू झाली नाही. आधी प्लास्टिकचा स्टेंट टाकला, बिलिरुबिन उतरू दिले आणि मगच गोळ्या दिल्या, कारण त्यांतल्या तीन यकृताला जड असतात. गोळ्या सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी मला फोन केला. 'भाच्या, परत पिवळी व्हायला लागली रे,' एवढेच बोलले आणि पुढे त्यांना बोलवेना. लघवी केशरी झाली होती. रिफाम्पिसिनने ती होते, हे कोणीतरी सांगितले असेलही, पण आम्ही ते ऐकले नव्हते. मी मामीला डोळ्यांचा पांढरा भाग पाहायला आणि शौचाचा रंग विचारायला सांगितले. डोळे स्वच्छ होते, शौच नेहमीच्या रंगाचे होते. तेव्हा कुठे दोघे चहाला बसले.

मामांना या आजारात मधुमेहही निघाला आहे. रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर साखरेच्या गोळ्यांचा परिणाम कमी पडू लागला, म्हणून सध्या इन्सुलिन चालू आहे. नोंदणी निक्षय या सरकारच्या क्षयरुग्ण पोर्टलवर झाली आहे आणि पोषणाचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येतात. त्या पैशांतून मामी अंडी आणते आणि माळकरी मामा ती औषध म्हणून खातात.

पाताळगंगा

मामांचा सीटी पुन्हा कधी आहे? दोन महिन्यांनंतरचा झाला असेल तर गाठ किती आहे ते लिहावे.

कृष्णाकाठ

दोन महिन्यांनंतर २.१ सेंमी होती आणि शेजारच्या ग्रंथी जवळपास दिसत नव्हत्या. स्टेंट तिसऱ्या महिन्यात बदलला. पुढचा सीटी सहाव्या महिन्यात करून मग तो कायमचा काढायचा की नाही हे ठरेल. अनघाताई, तुमची तपासणी उद्या आहे ना? आत नेण्याआधी, भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा तिथल्या सिस्टरना एवढेच विचारा : 'नमुन्याचा काही भाग सलाइनमध्ये कल्चरसाठी जाणार आहे ना?' मी पहिल्या वेळी हे विचारू शकलो असतो, पण मला माहीत नव्हते.

अनघा_प

विचारले. सिस्टर म्हणाल्या की त्यांच्याकडे दोन बाटल्या ठरलेल्याच असतात, आणि मला दाखवल्याही. एकीवर लाल झाकण होते, दुसरीवर पांढरे. स्टेंट काढता येण्याजोगा टाकला आहे.

अनघा_प

फॉर्मॅलिनमधल्या नमुन्याचा अहवाल काल संध्याकाळी आला. अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोगच, आहे. ग्रॅन्युलोमा नाहीत. रक्तवाहिन्या मोकळ्या असल्यामुळे गाठ काढता येईल असे सांगितले आहे आणि येत्या मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली आहे. सलाइनमधल्या भागाचे कल्चर अजून चालू आहे, तो अहवाल आला की इथे लिहीन. पाताळगंगा सर, शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचे, ते सांगाल का?

पाताळगंगा

अनघाताई, निरोप धाडला आहे, त्यात माझा दूरध्वनी क्रमांक आहे. आज रात्री नऊनंतर फोन करा. सोबत सीटीचा आणि बिलिरुबिनचा ताजा अहवाल हाताशी ठेवा.